ऑफिसातच सीआय सर्व्हर बसवायचा आहे : जेन्किन्स, गिटी की आणखी काही?

माटोळी :
म्हापशाला छोटे ऑफिस, सहा डेव्हलपर. दोन अँड्रॉइड ॲप आणि एक लाराव्हेलवरचे संकेतस्थळ, एवढा पसारा. कोड गिटहबवर खाजगी रेपोत. बिल्ड चालवायला फुकट खात्याला मिळणारी महिन्याची २००० मिनिटे वीस तारखेच्या आत संपतात.
ऑफिसात एक मिनी पीसी पडून आहे : आय५-८५००टी, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. त्याच्यावर उबुंटू घालून स्वतःचा सीआय (कोड बदलला की बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी व्यवस्था) उभा करावा असा विचार आहे. फायबर आहे, पण पब्लिक आयपी मिळत नाही. पाऊस सुरू झाला की लाइटीचे काय होते ते सांगायला नको.
जेन्किन्स घेऊ, गिटी घेऊ, गिटलॅब घेऊ की वुडपेकर? आणि या यंत्राला ते झेपेल का? जाणकारांनी लिहावे.

पोदेर :
तुम्हाला सीआय सर्व्हर नकोच आहे, फक्त रनर, म्हणजे गिटहबने सोपवलेले काम आपल्या यंत्रावर चालवणारा प्रोग्राम, हवा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या.
कोड गिटहबवरच राहणार असेल तर रांग, लॉग, हिरवा-लाल शिक्का हे सगळे तिकडेच राहू दे. ऑफिसातल्या पीसीने फक्त राबायचे. रेपोच्या सेटिंग्जमध्ये ॲक्शन्स, त्याखाली रनर्स, तिथून 'न्यू सेल्फ-होस्टेड रनर' निवडा. टोकनसकट आज्ञा तयार मिळतात. रूट म्हणून चालवू नका, 'सीआय' नावाचा साधा युजर करा, कॉन्फिग झाल्यावर त्याच फोल्डरातली सर्व्हिसची स्क्रिप्ट चालवून सिस्टमडीला जोडा. मग वर्कफ्लोच्या फाइलीत 'रन्स-ऑन' समोर 'सेल्फ-होस्टेड' लिहायचे. संपले. आपल्या यंत्रावर चाललेली मिनिटे त्या २००० मध्ये धरली जात नाहीत.
पब्लिक आयपीचा प्रश्नही इथेच मिटतो. रनर स्वतःहून बाहेर ४४३ वर जोडणी करतो आणि 'काम आहे का' विचारत बसतो. आत येणारे एकही पोर्ट उघडावे लागत नाही.

चिरेखाण :
पोदेरबाब, सोपे आहे हे मान्य, पण मग दोरी दुसऱ्याच्याच हातात राहिली. उद्या त्यांनी नियम बदलले की पुन्हा हाच धागा काढायचा.
माझे मत जेन्किन्सला. २०११ साली हडसनपासून वेगळा झाल्यापासून टिकून आहे आणि त्याला काय येत नाही ते शोधावे लागते. फक्त तीन पथ्ये पाळा. एक, एलटीएस म्हणजे स्थिर आवृत्तीच घ्या, साप्ताहिक आवृत्तीच्या नादी लागू नका. दोन, मुख्य नोडवरचे एक्झिक्युटर शून्य करा आणि बिल्ड वेगळ्या एजंटवर चालवा. नाहीतर बिल्डची कोणतीही स्क्रिप्ट जेन्किन्सच्या स्वतःच्या फोल्डरातली गुपिते वाचू शकते. तीन, प्लगिन मोजके. गिट, पाइपलाइन, क्रेडेन्शियल्स आणि कॉन्फिगरेशन-ॲज-कोड एवढ्यावर सहा जणांचे काम भागते.
वेबहुक (कोड बदलल्याची गिटहबकडून येणारी सूचना) पोचत नसेल तर एससीएम पोलिंग (आपणच जाऊन बदल आहे का बघणे) लावा, दर पाच मिनिटांनी. वेळापत्रकात मिनिटाच्या जागी आकडा न लिहिता 'एच' हे अक्षर वापरा, म्हणजे सगळे जॉब एकाच मिनिटाला उठत नाहीत.

फेरीबोट :
चिरेखाण, सोळा जीबीत जेन्किन्सही आणि दोन अँड्रॉइड बिल्डही? जरा हिशेब मांडू या.
ग्रेडलला (अँड्रॉइड ॲप बिल्ड करणारे साधन) चार जीबीचा हीप, म्हणजे वापरायची कमाल मेमरी, दिला असे धरा. कॉटलिनचा डेमन वेगळी प्रक्रिया म्हणून चालतो आणि त्याला वेगळे काही सांगितले नाही तर तो ग्रेडलचीच मर्यादा उचलतो. म्हणजे एकाच बिल्डला कमाल आठ जीबी. दोन बिल्ड एकदम आले की सोळा तिथेच संपले. उबुंटू, डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालवणारे साधन) आणि जेन्किन्सचा जावा यांनी जायचे कुठे? मग कर्नल हातात कुऱ्हाड घेतो आणि बिल्ड १३७ या कोडने पडतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, सिग्नल ९ ने मारलेला. लॉगात त्याचे कारण सापडणार नाही, कर्नलच्या संदेशांत 'आउट ऑफ मेमरी' शोधा.
उपाय : ग्रेडलला तीन, कॉटलिनच्या डेमनला दीड जीबी असे स्पष्ट लिहून द्या आणि अँड्रॉइडचा एकावेळी एकच जॉब चालवा. पीएचपीच्या चाचण्या शेजारी चालतील, त्यांना एवढे लागत नाही. आणि जमले तर रॅम ३२ करा. सहा कोअर आहेत, त्या उपाशी ठेवून काय उपयोग.
गिटलॅब या यंत्रावर विसराच. तो स्वतःच निम्मी रॅम गिळेल.

सोलकढी :
वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त ऑफिस फोंड्याला.

खाजन :
पब्लिक आयपी नाही म्हणजे सीजीनॅट (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटणे) असणार. राउटरच्या वॅन पानावर आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ यांच्यात काही दिसले की शिक्कामोर्तब.
रनरला त्याने फरक पडत नाही हे पोदेर यांनी सांगितलेच. पण दोन ठिकाणी नडते.
पहिले, डॉकर हब. तिथे लॉगिन न करता प्रतिमा (कंटेनरचे तयार साचे) ओढायला आयपीमागे मर्यादा आहे आणि सीजीनॅटमध्ये तो आयपी तुमच्यासकट अनेक ग्राहकांचा. तुम्ही दिवसभरात दोनच प्रतिमा ओढल्या तरी 'टू मेनी रिक्वेस्ट्स' येऊ शकते. खाते काढून रनरवर लॉगिन करा, किंवा त्याहून बरे, डॉकरचीच रजिस्ट्री ५००० पोर्टवर पुल-थ्रू कॅश (एकदा ओढलेली प्रतिमा जपून ठेवणारी) म्हणून चालवा आणि डॉकर डेमनच्या कॉन्फिगमध्ये मिरर म्हणून तिचा पत्ता द्या. हा मिरर फक्त डॉकर हबपुरता चालतो, इतर रजिस्ट्र्यांना नाही.
दुसरे, बाहेरून आत यायचे असेल तेव्हा. छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्ड, म्हणजे तिथपर्यंतचा खाजगी बोगदा. आतल्या टोकाला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर नॅटमधली वाट बंद होते आणि बाहेरून हाक मारली तर कोणी ओ देत नाही.
आता खरी मेख. वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटांत) १४२०, डॉकरच्या पुलाचा (ब्रिज नेटवर्कचा) १५००. सगळीच वाहतूक बोगद्यातून सोडली असेल तर यंत्रावर सगळे सुरळीत दिसते आणि कंटेनरच्या आत मात्र एचटीटीपीएसची जोडणी नुसती लटकते. पिंग जातो, डीएनएस चालते, छोटी उत्तरे येतात, कंपोजर (पीएचपीची पॅकेजे ओढणारे साधन) किंवा ग्रेडल पहिल्याच डाउनलोडला गप्प. त्रुटीही नाही, फक्त टाइमआउट. लोक दोन दिवस डीएनएसच्या मागे लागतात.
तपासायचे कसे : तुकडे न करण्याचा पर्याय देऊन पिंगचा आकार बदलत जा. १३९२ जातो आणि १३९३ अडतो, म्हणजे वाट १४२० ची आहे. मधले २८ बाइट हेडरचे.

माटोळी :
सीजीनॅटच आहे, १०० ने सुरू होतो. खाजन, मग डॉकर डेमनच्या कॉन्फिगमध्ये एमटीयू १४२० लिहिला की झाले ना?

खाजन :
नाही, तिथेच सगळे फसतात. ती नोंद फक्त डॉकरच्या मूळ पुलाला लागू होते. डॉकर कंपोजने किंवा रनरने स्वतः केलेले नेटवर्क पुन्हा १५०० नेच जन्माला येते. गिटहबचा रनर कंटेनर किंवा सर्व्हिस (जॉबसोबत चालणारा डेटाबेससारखा कंटेनर) असलेल्या प्रत्येक जॉबला नवे नेटवर्क करतो, गिटीचाही तेच करतो. गिटीच्या रनरला निदान आधी केलेल्या नेटवर्कचे नाव कॉन्फिगमध्ये देता येते. ते नेटवर्क योग्य एमटीयू देऊन हाताने करून ठेवायचे.
सर्वात सोपा मार्ग वेगळाच आहे. बोगद्यातून फक्त व्हीपीएसचा छोटा पत्ता-पट्टा जाऊ द्या, बाकी इंटरनेट थेट. वायरगार्डच्या 'अलाउड आयपीज' मध्ये सगळे शून्य, म्हणजे सगळे पत्ते, लिहू नका. मग हा प्रश्नच उरत नाही.

कुळागर :
सॉफ्टवेअरचे सगळे लिहितील, मी लाइट आणि पावसाचे लिहितो, कारण गोव्यात सर्व्हर तिथेच मरतो.
मिनी पीसी, राउटर आणि फायबरचा डबा, तिघेही यूपीएसवर हवेत. तिघांचे मिळून ४०-५० वॅट धरा. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली बॅटरी साधारण १२ व्होल्ट ७ एएच, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात निम्मे-पाऊण मिळेल. तासभर चालण्याच्या आशेवर राहू नका, व्यवस्थित बंद होण्यापुरता वेळ मिळाला की त्याचे काम झाले.
यूएसबी पोर्ट असलेलाच यूपीएस घ्या आणि नट म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांना यूएसबी नसते. तसा आधीच घेतला असेल तर एक युक्ती : एखादा जुना राउटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीच्या प्लगात लावून नेटवर्कला जोडा आणि पीसीने त्याला दर मिनिटाला पिंग करावे. सलग पाच मिनिटे उत्तर नाही म्हणजे लाइट गेली, रनर थांबवा आणि यंत्र बंद करा.
बायोसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' हा पर्याय लावायचा हे सगळ्यांना माहीत असते. पण त्यात एक फट आहे. पीसी स्वतःहून बंद झाला, बॅटरीत अजून जीव आहे आणि तेवढ्यात लाइट आली. पीसीच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, त्यामुळे तो उठत नाही. सोमवारी सकाळी सगळे जॉब रांगेत. नटमध्ये यासाठी शेवटी यूपीएसचा आउटपुटच तोडायची सोय आहे, ती चालू करा. पिंगवाल्या युक्तीत ती नाही, तिथे राउटरवरून वेक-ऑन-लॅन (बंद पीसीला नेटवर्कवरून उठवणारा संदेश) पाठवावे लागेल.
विजांचे : मे अखेरचे वळीव आणि ऑक्टोबर. फायबरमधून कडाका येत नाही, पण ॲडाप्टरमधून येतो आणि इमारतीबाहेरून ओढलेल्या लॅनच्या तारेतून हमखास येतो. डीबीमध्ये (वीजवाटपाच्या बोर्डात) टाइप २ सर्ज प्रोटेक्टर लावा, पण अर्थिंग धड नसेल तर तो शोभेचा. आपल्या जांभ्या जमिनीत अर्थिंग मुळात अवघड. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर आधी वायरमनला बोलवा, सीआय नंतर.
आणि पावसाळ्यात यंत्र रात्री बंद ठेवून काटकसर करू नका. चालू यंत्र आतून कोरडे राहते. सरासरी २० वॅट धरले तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत येते. पश्चिमेच्या, पाझरणाऱ्या भिंतीला टेकवून मात्र ठेवू नका.

पावसाळीढग :
आणि चवथीच्या आठवड्यात कोणी मुख्य ब्रँचवर मर्ज करायचे नाही, हाही नियम पाइपलाइनमध्येच लिहून टाका.

फेरीबोट :
ते लिहायची गरज नाही, रिव्ह्यू करायला माणूसच नसतो :-)

तळपण :
कुळागर यांच्या प्रतिसादाची खूण ठेवली.
मी डिस्कचे सांगते. २५६ जीबी सीआयला थोडी आहे, आणि ती नेहमी शुक्रवारी संध्याकाळी भरते. अँड्रॉइडचे एसडीके, इम्युलेटरच्या प्रतिमा, डॉकरचे थर, ग्रेडलची कॅश : सगळे हळूहळू साचते. रोज पहाटे सिस्टमडीच्या टायमरवर डॉकरची साफसफाई लावा, पण सरसकट नको. ७२ तासांपेक्षा जुने तेवढेच काढायचा फिल्टर द्या, नाहीतर सकाळचा पहिला बिल्ड सगळे पुन्हा ओढत बसतो. बिल्डची कॅश वेगळी असते, तिच्यासाठी वेगळा प्रुनही (साफसफाईची आज्ञा) आहे.
'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आले आणि डिस्कवर तर ८० जीबी मोकळी दिसते, असे झाले तर दोन जागा बघायच्या. पहिली आयनोड, म्हणजे दर फाइलीमागे एक लागणारी नोंद. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना दर १६ केबीमागे एक असे आयनोड कायमचे ठरवून टाकते. २५६ जीबीवर दीड कोटीच्या आसपास. नोड-मॉड्यूल्सच्या चिमुकल्या फाइली ते फस्त करतात. डीएफ या आज्ञेला 'आय' पर्याय दिला की कळते. नव्याने बसवणारच असाल तर डॉकरच्या फोल्डरासाठी वेगळे पार्टिशन करून त्यावर एक्सएफएस घाला, तिथे आयनोड लागतील तसे तयार होतात. दुसरी जागा आयनोटिफायच्या (फाइली बदलतात का यावर नजर ठेवणारी लिनक्सची सोय) वॉचची मर्यादा. ती संपली तरी हाच संदेश येतो, डिस्कचा काही दोष नसताना.

गांवकर_देवूळवाडा :
लाराव्हेलसाठी दोन ओळी. मायएसक्यूएल सर्व्हिस म्हणून चालवताना जॉब थेट यंत्रावर असेल तर होस्ट '१२७.०.०.१' लिहा. 'लोकलहोस्ट' लिहिले की पीएचपी टीसीपी सोडून सॉकेटची फाइल शोधते आणि 'नो सच फाइल' म्हणते. जॉबच कंटेनरमध्ये असेल तर सर्व्हिसचे नाव हाच होस्ट. डेटाचे फोल्डर टीएमपीएफएसवर (रॅममधल्या तात्पुरत्या डिस्कवर) ठेवा, चाचण्यांचा डेटा जपून काय करायचा आहे?
आणखी एक. कंटेनर यूटीसीवर चालतात. आपली तारीख रात्री बाराला बदलते, त्यांची पहाटे साडेपाचला. 'आजची तारीख' तपासणाऱ्या चाचण्या त्या साडेपाच तासांतच फुटत असतील तर कोडला शिव्या देऊ नका.

चिरेखाण :
फेरीबोटचा रॅमचा हिशेब मान्य. तरी एक विचारतो : रनर सोपा म्हणता, पण एका बिल्डची घाण दुसऱ्याला लागते त्याचे काय? जेन्किन्समध्ये वर्कस्पेस पुसायची सोय आहे.

पोदेर :
रास्त मुद्दा. सगळ्यात जास्त दिसणारी घाण अशी : जॉबमधला कंटेनर रूट म्हणून चालतो, वर्कस्पेसमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली सोडून जातो, आणि पुढचा जॉब चेकआउटलाच (कोड उतरवतानाच) 'परमिशन डिनाइड' म्हणून पडतो, कारण रनर साधा युजर. कंटेनरला रनरचाच युजर आयडी द्या, म्हणजे मुळावरच घाव. ते जमत नसेल तर रनरला 'जॉब सुरू होण्याआधी' चालणारी हुक-स्क्रिप्ट देता येते, तिच्यात साफसफाई लिहा. अगदी काटेकोर हवे असेल तर एफेमरल रनर : एक जॉब, की नोंदणी रद्द.
यातच सुरक्षेचे येते. रनरचा युजर डॉकर गटात टाकला म्हणजे तो रूटच झाला, मनाची समजूत घालू नका. खाजगी रेपो आणि ओळखीची सहा माणसे असतील तर चालते. त्याच रनरवर सार्वजनिक रेपो मात्र कदापि जोडू नका. कोणीही फोर्क करून पुल रिक्वेस्ट पाठवेल आणि त्याचा कोड तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कात चालेल. शक्य तर राउटरवर पीसीसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच तारांवरचे स्वतंत्र नेटवर्क) करा. टॅलीचे यंत्र आणि सीआय एकाच नेटवर्कात कशाला?
ॲप साइन करायची की रनरच्या डिस्कवर पडू देऊ नका. सीक्रेट म्हणून ठेवा आणि ती फक्त रिलीजच्या टॅगवर चालणाऱ्या जॉबलाच मिळेल असे बघा.

सोलकढी :
ग्रेडलची कॅश दोन जॉबना एकच दिली तर वेळ वाचेल ना?

तळपण :
एकावेळी एकच जॉब असेल तर बिनधास्त द्या. दोन कंटेनर एकदम तेच फोल्डर वापरू लागले तर 'टाइमआउट वेटिंग टू लॉक' येते. ग्रेडलच्या प्रक्रिया कुलूप सोडण्याबद्दल लोकलहोस्टवरून एकमेकींशी बोलतात आणि दोन वेगळ्या कंटेनरांचे लोकलहोस्ट वेगळे. एकीची हाक दुसरीला पोचतच नाही. दर रनरला स्वतंत्र फोल्डर द्या, किंवा अवलंबित्वांची कॅश फक्त-वाचन म्हणून सामायिक करा. ग्रेडलमध्ये त्यासाठी वेगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे.

उपरा :
सगळे गिटहबवरच बोलताहेत. कोडही ऑफिसात आणायचा असेल तर?

फेरीबोट :
मग गिटी किंवा तिचाच फाटा असलेले फोर्जेयो, म्हणजे आपल्या यंत्रावरचे छोटे गिटहबच, काहीशे एमबी रॅममध्ये निवांत चालतात. वर्कफ्लोची भाषा गिटहबच्याच वळणाची, त्यामुळे फाइली फारशा बदलाव्या लागत नाहीत. अडते ते असे : पत्त्याच्या सेटिंगमध्ये 'लोकलहोस्ट' ठेवला तर कंटेनरमधला जॉब स्वतःलाच हाक मारतो आणि चेकआउट पडतो, तेव्हा लॅनवरचा खरा पत्ता लिहा. जॉबच्या प्रतिमेत नोड नसेल तर चेकआउटची तयार ॲक्शनच चालत नाही. आणि सोबत वुडपेकर (वेगळा सीआय सर्व्हर) लावायचा असेल तर गिटी मुळात खाजगी आयपीवर वेबहुक पाठवत नाही, वेबहुकच्या परवानगी-यादीत तो होस्ट घालावा लागतो.
पण कोड घरात आणला की बॅकअप तुमच्या गळ्यात. डेटाबेस आणि रेपो सगळे ठेवतात, कॉन्फिगची फाइल राहते. तिच्यातली गुप्त की गेली तर साठवलेली सीक्रेट्स उलगडत नाहीत. जेन्किन्सचेही तसेच : क्रेडेन्शियल्सची फाइल घेतली आणि सीक्रेट्सचे फोल्डर राहिले तर त्या बॅकअपचा उपयोग शून्य.

कुळागर :
आणि तो बॅकअप त्याच यूपीएसला लावलेल्या यूएसबी डिस्कवर नको.

माटोळी :
सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळाले. ठरवले ते असे : कोड गिटहबवरच. पीसीवर दोन रनर, एकाला 'अँड्रॉइड' लेबल, दुसऱ्याला 'पीएचपी', म्हणजे अँड्रॉइडचा आपोआप एकच जॉब चालेल. रॅम ३२. एसएसडी ५१२ ची, डॉकरला एक्सएफएस. यूएसबीवाला यूपीएस आणि नट. वायरगार्ड सध्या नाही. वायरमन गुरुवारी येतोय.
शेवटची शंका : चवथीला ऑफिस आठवडाभर बंद असते, तेव्हा पीसी बंद ठेवला तर रनरची नोंदणी टिकेल का?

पोदेर :
टिकेल. सलग १४ दिवस जोडणी नसेल तरच गिटहब रनर काढून टाकतो. मात्र रांगेतला जॉब २४ तासांत उचलला गेला नाही तर रद्द होतो, म्हणून रात्रीचे ठरलेले वेळापत्रकी जॉब त्या आठवड्यात बंद करून ठेवा. आणि 'रन्स-ऑन' मध्ये नवी लेबले टाकायला विसरू नका. नुसते 'सेल्फ-होस्टेड' राहिले तर अँड्रॉइडचा जॉब पीएचपीच्या रनरवर जाऊन बसेल.